छोट्या उपग्रहांच्या उड्डाणांचा डेटाबेस कसा बनवायचा?

२३ ऑक्टोबर २०२२ ला रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी इस्रोचं एलव्हीएम३ रॉकेट वनवेबचे ३६ उपग्रह घेऊन श्रीहरिकोटाहून उडालं. माझ्या डेटाबेसमध्ये मात्र ते दोनदा उडालं: एकदा २२ तारखेला, एकदा २३ ला! कारण परदेशी नोंदींमध्ये वेळ यूटीसीत असते आणि आपण साडेपाच तास पुढे. तेव्हा पहिला नियम: वेळ यूटीसीत साठवा, स्क्रीनवर दाखवताना भारतीय वेळेत बदला.

दोन टेबल करा

१५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडले. सगळं एकाच टेबलमध्ये भरलं तर रॉकेट आणि तारीख १०४ वेळा लिहावी लागते, आणि चूक सापडली की तितक्याच ओळी दुरुस्त कराव्या लागतात. त्यापेक्षा 'उड्डाण' टेबलमध्ये एक ओळ ठेवा. 'उपग्रह' टेबलमध्ये १०४ ओळी, प्रत्येकीत त्या उड्डाणाचा आयडी.

नावावर भरवसा नको

त्या १०४ पैकी ८८ 'डव्ह' मालिकेतले, म्हणजे जवळपास सारखेच. म्हणून आंतरराष्ट्रीय क्रमांक वापरा. कार्टोसॅट-२डीचा क्रमांक २०१७-००८ए आहे: वर्ष, त्या वर्षातल्या उड्डाणाचा क्रमांक आणि वस्तूचं अक्षर. हा कॉलम टेक्स्टच ठेवा. आकडा म्हणून साठवलात तर ००८ चं ८ होतं.

इथे एक गंमत आहे. अंतराळ स्थानकातून सोडलेल्या क्यूबसॅटचे क्रमांक १९९८-०६७ ने सुरू होतात, कारण स्थानकाचा पहिला भाग १९९८ मध्ये गेला. क्रमांकावरून वर्ष काढलं की हिशेब चुकलाच. 'कक्षेत सोडल्याची तारीख' हा वेगळा कॉलम हवा.

अपयशही नोंदवा

७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात आझादीसॅट चुकीच्या कक्षेत गेला आणि निकामी झाला. ७५ शाळांमधल्या ७५० मुलींची मेहनत त्यात होती. फक्त टिकलेल्या उपग्रहांची यादी केली, तर ती मेहनत डेटाबेसमधून गायबच होईल. म्हणून 'स्थिती' कॉलम ठेवा: कार्यरत, बंद, नष्ट, अयशस्वी.

सुरुवात कुठून?

एसक्यूलाइट पुरेसं आहे, ते तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही आधीपासून असतं. पहिली ओळ पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या 'स्वयम्'ची लिहा: साधारण १ किलोचा, १० सेंटीमीटरचा ठोकळा, २२ जून २०१६, पीएसएलव्ही-सी३४.