सहयोगी तंत्रशिक्षण (जालना जिल्हा)

सहयोगी तंत्रशिक्षण : वर्गातील अध्ययन आणि कारखान्यातील किंवा संशोधनशाळेतील प्रत्यक्ष काम यांची ठराविक सत्रांनी आलटापालट करणारी अभियांत्रिकी शिक्षणाची पद्धती. यातील सहयोग शिक्षणसंस्था व उद्योग यांच्यातील असतो; साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्रात रूढ झालेल्या सहकाराशी त्याचा संबंध नाही. जालना जिल्ह्यात ही पद्धती मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या मराठवाडा परिसराबरोबर २०१८ मध्ये आली.

पद्धतीचा उगम अमेरिकेतील. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. विद्यार्थी एक आठवडा विद्यापीठात, तर एक आठवडा कारखान्यात असत. इंग्लंडमध्ये तिच्याशी मिळताजुळता ‘सँडविच’ अभ्यासक्रम रूढ झाला. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाची तर १९५७ मधील उभारणीच या तत्त्वावर झाली. भारतात १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम १९७३ मध्ये सुधारून पदवी व पदविकाधारक अभियंत्यांना लागू करण्यात आला. मात्र ही उमेदवारी शिक्षण संपल्यावरची आहे. शिक्षण चालू असतानाच काम करण्याची सोय पिलानीच्या बिर्ला संस्थेने व पुणे विद्यापीठाच्या सँडविच अभ्यासक्रमांनी केली. हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी महत्त्वाचा आहे. पदवीनंतर कारखान्यात गेलेल्या अभियंत्याला पडलेले प्रश्न परत वर्गात येत नाहीत. सत्र संपवून परतणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर ते येतात.

रासायनिक अभियांत्रिकीत या येण्याजाण्याचे मोल विशेष आहे. प्रयोगशाळेतील एक लिटरच्या चंबूत सौम्यपणे घडणारी उष्मादायी विक्रिया त्याच आकाराच्या हजार लिटरच्या पात्रात करावयाची झाल्यास घनफळ हजारपट होते, परंतु भित्तींचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. निर्माण झालेली उष्णता बाहेर पडण्यास त्यामानाने वाव उरत नाही व तापमान हाताबाहेर जाऊ शकते. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येते. परंतु थंड पाण्याचा पुरवठा खंडित झाला, तर पाळीवरील माणसाच्या हाती किती वेळ उरतो, हे पात्राजवळ उभे राहिल्यावाचून उमगत नाही.

रसायन तंत्रज्ञान संस्थेला उद्योगाशी संबंध नवा नव्हता. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग म्हणून ती स्थापन झाली. वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी हे तिचे आरंभीचे विषय असून मुंबईच्या कापडगिरण्यांची गरज त्यामागे होती. १९३८ मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. रंजकांच्या रसायनशास्त्रातील अधिकारी असलेले वेंकटरामन १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक झाले. पुढे मनमोहन शर्मा यांच्या काळात कारखान्यातील अडचण हाच संशोधनाचा विषय करण्याची परंपरा दृढ झाली. संस्थेला २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जालना व भुवनेश्वर येथील परिसर एकाच वर्षी, २०१८ मध्ये, सुरू झाले. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रमात वर्षाची तीन सत्रे पाडून त्यांपैकी काही सत्रे उद्योगातील प्रशिक्षणासाठी राखण्यात आली. एम.टेक. पदवी असल्याने प्रयोगशाळेतील संशोधन व त्यावरील प्रबंधही त्यात आले.

जालन्याची निवड प्रादेशिक असमतोलाच्या जुन्या प्रश्नाशी निगडित आहे. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या मराठवाड्याला विद्यापीठ १९५८ मध्ये व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये मिळाले. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये विभागाच्या अनुशेषाची मोजदाद केली. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. कापूस व तेलबियांच्या व्यापारामुळे १९०० साली आलेल्या लोहमार्गावरील हे शहर पूर्वीपासून सधन; ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याचीच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे स्थापन केलेल्या महिको कंपनीमुळे संकरित बियाण्यांचे, तर भंगार वितळवून सळया लाटणाऱ्या गिरण्यांमुळे पोलादाचे केंद्र म्हणून ते नावारूपास आले.

तथापि मोठे रासायनिक कारखाने येथे नाहीत, आणि त्याचे एक प्रमुख कारण पाणी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. शहराच्या पाण्यासाठी पैठणच्या जायकवाडी जलाशयावरून नळ आणावे लागले. जेथे पिण्याच्या पाण्याची ही स्थिती, तेथे शीतनासाठी अखंड पाणी मागणारे उद्योग येणे कठीणच. औषधनिर्मितीचे कारखाने सु. ६० किमी. वरील छत्रपती संभाजीनगरलगत वाळूज व चिकलठाणा भागांत आहेत. रसायनांची खरी दाटी मात्र ठाणे–बेलापूर पट्टा, रायगड, लोटे आणि गुजरातेतील वापी व अंकलेश्वर येथे आहे. त्यामुळे श्नायडर यांच्या विद्यार्थ्यांप्रमाणे आठवड्याआड ये-जा करणे जालन्याच्या विद्यार्थ्याला शक्य नाही. चार महिन्यांचे सत्र येथे सोयीचे ठरते, ते या अंतरामुळे. परंतु त्याचीच दुसरी बाजू अशी, की विद्यार्थी जे प्रश्न घेऊन परततो, ते बहुधा किनाऱ्यावरील कारखान्यांचे असतात. जिल्ह्यातील प्रश्न वेगळे आहेत : भट्ट्यांतील मळीचा उपयोग, वाया जाणारी उष्णता, सरकीच्या तेलाचे शुद्धीकरण, मोसंबीच्या सालीतील सुगंधी तेल व पेक्टिन, आणि वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर. सळयांची गिरणी किंवा तेलाची घाणी चालविणाऱ्या लहान उद्योजकाकडे संशोधन विभाग नसतो. विद्यार्थ्याला सत्रभर काम देणे व त्याच्यावर देखरेख ठेवणे त्याला जड जाते. त्यामुळे अशा उद्योगाशी सहयोग जमवायचा, तर पुढाकार व मार्गदर्शक शिक्षक संस्थेलाच द्यावे लागतात.