उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं? : बाहेरून बसवलेल्या वायरिंगचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मोटारीच्या वायरिंगवर का बोलावं, असं संयोजकांनी मला जरा दबकतच विचारलं होतं. माझं म्हणणं असं, की कार्यकारणभावावर मी वर्गात जेवढं बोललो त्याची खरी परीक्षा ऑटो इलेक्ट्रिशियन रोज देत असतो. सकाळी गाडीला सेल्फ मारला, नुसतं 'टक्' झालं आणि पुढे काहीच नाही. रात्री तर गाडी बंद होती. मग वीज खाल्ली कुणी? आज या प्रश्नाचा इतिहास बघू.

सुरुवातीच्या मोटारींत हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. शिसं आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच केली होती. पण ती मोटारीच्या पोटात कायमची जाऊन बसली ती चार्ल्स केटरिंगमुळे. त्याचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याच यंत्रणेत दिवे आणि इग्निशनही होतं, आणि बॅटरी पुन्हा भरण्याची सोयही होती. जेवढं खर्चायचं तेवढं इंजिन चालू असताना परत भरायचं, असा चोख हिशेब होता. कारखान्याने जे बसवलं त्याचा हिशेब कारखान्याने केलेला होता, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड त्या हिशेबाबाहेरच्या वस्तूंची आहे.

पहिली मोठी बाहेरची वस्तू म्हणजे रेडिओ. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवायचा रेडिओ काढला आणि त्याला 'मोटोरोला' नाव दिलं. गंमत अशी, की १९२८ मध्ये ही कंपनी सुरू झाली ती 'बॅटरी एलिमिनेटर' विकायला. घरचा रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवायचं ते उपकरण. म्हणजे ज्यांनी घरातल्या रेडिओची बॅटरीपासून सुटका केली, त्यांनीच रेडिओ नेऊन मोटारीत बसवला! ते रेडिओ व्हॉल्व्हचे होते. व्हॉल्व्ह तापवायलाच काही अँपिअर लागायचे, आणि बॅटरी सहा व्होल्टची. गाडी उभी करून संध्याकाळभर गाणी ऐकली की सकाळी धक्का मारायची वेळ. मात्र तिथे निदान सोपं होतं. रेडिओ चालू राहिला हे कानाला कळत होतं.

१९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ जाहीर केला, आणि विजेची ती भूक एकदम कमी झाली. त्याच सुमारास अमेरिकन गाड्या सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून डायनॅमोची जागा आल्टरनेटर घेऊ लागला. वाटलं, प्रश्न मिटला.

तो मिटला नाही. त्याचं रूप बदललं, आणि माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. बटण फिरवून स्टेशन लावायचा रेडिओ गेला आणि आकडे दाखवणारा, स्टेशनं लक्षात ठेवणारा रेडिओ आला. लक्षात ठेवायला वीज लागते. म्हणून रेडिओला दोन वायरी आल्या. पिवळी थेट बॅटरीची, कायम जिवंत, स्मृतीसाठी. लाल किल्लीमागची, किल्ली फिरवली की जिवंत होणारी. इथून पुढे गाडीत 'बंद' या शब्दाचा अर्थच बदलला. बंद म्हणजे नाही असं नव्हे. बंद म्हणजे झोपलेलं, आणि झोपलेलाही श्वास घेतो.

आता बसवणाऱ्याची अडचण बघा. जोडण्यांसाठी १९९५ मध्ये आयएसओ १०४८७ हे प्रमाण आलं. त्यात चौथी पिन कायमच्या विजेची आणि सातवी किल्लीमागची. पण फोक्सवॅगनसारख्या काही कंपन्यांच्या बऱ्याच गाड्यांत या दोन जागांची अदलाबदल होती. बाहेरचा रेडिओ जसाच्या तसा लावला तर गाडी बंद केली की तो सगळी स्टेशनं विसरतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. दुकानातला मुलगा काय करतो? लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या विजेला जोडतो. स्टेशनं राहतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण आता किल्ली काढली तरी रेडिओला ते कळत नाही. हाताने बंद करायचा राहिला तर तो रात्रभर जागा. ॲम्प्लिफायरची गोष्टही तीच. त्याला उठवणारी निळी वायर रेडिओकडून यायला हवी. ती कायमच्या विजेला टोचली, की ॲम्प्लिफायर जन्मभर जागाच राहतो.

थोडा हिशेब करू. गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज गेली तर चालतं, असं साधारण मानतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर रोज चालणाऱ्या गाडीला हे जाणवतही नाही. आता २०२० च्या मार्चमधली टाळेबंदी आठवा. पहिली घोषणाच २१ दिवसांची होती. २१ गुणिले १.२ म्हणजे २५.२. गाडीत कसलाही दोष नसताना बॅटरीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग संपला! त्या दिवसांत किती जणांनी म्युझिक सिस्टिमला आणि ती बसवणाऱ्याला शिव्या घातल्या असतील. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आपले नैयायिक कारण कशाला म्हणतात? जे कार्याच्या आधी नियमाने असतं आणि 'अन्यथासिद्ध' नसतं, त्याला. नुसतं आधी असून भागत नाही.

मग शोधायचं कसं? मोजून. डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या इंजिनिअरने १९२३ मध्ये अँपिअर, व्होल्ट, ओहम एकाच पेटीत मोजणारा ॲव्होमीटर आणला. निरनिराळी उपकरणं वागवून तो कंटाळला होता. आजचा मल्टिमीटर त्याचाच वंशज. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची आणि मीटर मध्ये लावायचा, दहा अँपिअरच्या खाचेत. तो जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. आणि अर्धा तास हात बांधून बसायचं. ही पायरी लोक गाळतात. नव्या गाड्यांतले संगणक किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत. बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉइटला 'कॅन' ही व्यवस्था मांडली. दोन वायरींवर गाडीतले सगळे संगणक एकमेकांशी बोलतात. एक जागा असेल तर तो बाकीच्यांनाही झोपू देत नाही, अगदी आपल्या एकत्र कुटुंबासारखं. त्यात निदानाच्या सॉकेटची सोळावी पिन कायम जिवंत असते. तिथे ट्रॅकर खोचला की कुटुंबात रात्रपाळीचा पाहुणा आलाच.

मग एकेक फ्यूज काढायचा. कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघायचं. हा शुद्ध व्यतिरेक आहे. ते नसताना हेही नसतं. मिलने १८४३ च्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची पद्धत म्हणून हेच मांडलं. पण फ्यूज काढताना दार उघडलं, फ्यूज परत लावला, की झोपलेला संगणक जागा होतो आणि आकडा खोटा पडतो. म्हणून जाणते कारागीर फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांतला मिलिव्होल्टचा फरक मोजतात. वीज वाहत असेल तर फरक दिसतोच. १८२७ मध्ये ओहमने सांगितलेला नियम आहे हा.

आमच्या शेजारच्या एका टूरिस्ट टॅक्सीवाल्याची हकीकत सांगतो. त्याची पहाटे चारची विमानतळाची भाडी दोनदा बुडाली. एका दुकानाने म्हटलं बॅटरी गेली, म्हणून नवी घेतली. महिन्याभरात तीही उतरू लागली. दुसऱ्याने आल्टरनेटर सांगितला. कुणीच मोजलं नव्हतं. हप्त्याची गाडी, दोन मुलांच्या फिया, आणि गिऱ्हाइकाने दुसरा ड्रायव्हर बघितलेला. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. ०.३८ अँपिअर. म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तासांहून जास्त. फ्यूज एकेक काढले, आकडा ढिम्म हलेना.

तो चांगला नैयायिक असणार. सगळे फ्यूज निर्दोष ठरले, तर चोर फ्यूजच्या पेटीतून जातच नाही, एवढाच निष्कर्ष त्याने काढला. फ्यूजपेटी टाळून जाणाऱ्या वाटा अशा किती? एक आल्टरनेटरची. त्यातला डायोड बिघडला तर वीज उलटी गळते. त्याने आल्टरनेटरची जाडी केबल सोडली. आकडा तोच. उरली ती बॅटरीच्या टोकावर दुसऱ्या नटाखाली दाबलेली एक लाल वायर. ती सीटखालच्या ॲम्प्लिफायरकडे जात होती, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजमधून. तो फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला. ॲम्प्लिफायरची निळी वायर कायमच्या विजेला पिळलेली होती, वर नुसता चिकटपट्टीचा तुकडा. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, त्याने निळी वायर रेडिओच्या निळ्या वायरला नेऊन जोडली. पैसे किती म्हणाल, तर दीडशे रुपये. आणि जुनी बॅटरी? चार्ज करून तपासली, धडधाकट निघाली. ती अजून त्याच्या घरी इन्व्हर्टरला लावलेली आहे.

वेळ होत आला. डॅशकॅमबद्दल कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, ती आधी घेतो. किल्लीमागच्या फ्यूजवर लावला असेल तर गाडीबरोबर बंद होतो. उभ्या गाडीवर नजर ठेवणारा हवा असेल, तर बॅटरीचं व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की स्वतःहून तुटणारा घ्या. बारा व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. तिथे तीन चतुर्थांश बॅटरी संपलेली असते. हं, पुढचा प्रश्न.