मागे पडलेल्या वाटा
लिगूरियाच्या डोंगरी किनाऱ्यावरील सायकल-मार्गांचा इतिहास

मार्ग माणसे बांधतात हे खरे. परंतु कोणता मार्ग गजबजेल आणि कोणता ओस पडेल, हे पुष्कळदा डोंगर आणि समुद्र ठरवितात. इटलीच्या वायव्य टोकास, भूमध्य समुद्राच्या काठी लिगूरिया नावाचा जो चिंचोळा प्रांत आहे, त्याच्या पश्चिम किनाऱ्यास हे विधान तंतोतंत लागू पडते. सायकलीवरून संथपणे प्रवास करू इच्छिणारे लोक अलीकडे दूरदूरून तेथे जातात. ते ज्या निवांत वाटा धरतात, त्यांतील बहुतेक एके काळी त्या मुलखाच्या मुख्य वाटा होत्या आणि नवा हमरस्ता निघाल्यावर मागे पडल्या. या वाटांचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

कोंकण व गोमंतक पाहिलेल्या वाचकांस तेथील भूरूप फारसे परके वाटू नये. डोंगर थेट समुद्रापर्यंत येतात. दोन भूशिरांच्या मध्ये वाळूचा लहानसा पट्टा आणि त्यावर एखादे गाव, अशी रचना पुनःपुन्हा आढळते. आल्प्स पर्वताचे फाटे येथे पाण्यास भिडल्यामुळे सपाट जमीन अशी नाहीच. इ. स. पूर्व १३ मध्ये सम्राट ऑगस्टसने या किनाऱ्याने गॉल देशाकडे जाणारा 'व्हिया यूलिया ऑगुस्ता' हा मार्ग तयार करविला. आल्बेंगा व आलास्सियो या गावांच्या दरम्यान त्या मार्गाचा एक भाग आजही पायी चालता येतो. पुढील शतकांत समुद्री चाचांच्या भयाने पुष्कळ वस्ती उंचावर राहिली, आणि गावागावांना जोडणाऱ्या खेचरांच्या पायवाटा डोंगराच्या कडेने निघाल्या. किनाऱ्यावरचे मीठ याच प्रकारच्या वाटांनी पर्वतापलीकडील पिएमोंतेत जात असे. उतारावर ऑलिव्हची झाडे लावण्यासाठी शेतकऱ्यांनी चुन्यावाचून दगड रचून पिढ्यान् पिढ्या गडगे घातले. गडगे घालण्याच्या या कलेस युनेस्कोने २०१८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या वेळी त्या नोंदीत इटलीसह आठ देश होते.

एकोणिसाव्या शतकात किनाऱ्याने गाड्यांचा रस्ता झाला आणि सानरेमो हे थंडीत राहावयास येणाऱ्या धनिकांचे आवडते ठिकाण बनले. १८७२ मध्ये जेनोआ ते व्हेंतिमील्या हा लोहमार्ग सुरू झाला. बांधणाऱ्यांपुढे डोंगर आणि पाणी यांच्या मधली तेवढीच चिंचोळी जागा होती. त्यांनी ती घेतली. गावाला व्यापार मिळाला, फुले व तेल दूरच्या बाजारांत पोहोचू लागले. परंतु गाव आणि समुद्र यांच्यामध्ये रूळ पडले. कोळ्याला आपल्या होडीकडे जावयाचे तर आधी आगगाडीची वाट पाहणे आले.

समुद्रदर्शन नाहीसे होण्याचे दुःख त्या काळी आणखी एकाला भोगावे लागले. इंग्रज चित्रकार व विनोदी कवी एडवर्ड लिअर याने सानरेमोस घर बांधले होते. १८७३ ते १८७५ या काळात हिंदुस्थानभर हिंडून आणि विपुल चित्रे काढून तो याच घरी परतला. पुढे त्याच्या घरासमोर एक मोठे हॉटेल उभे राहिले व त्याचा समुद्र आणि प्रकाश दोन्ही अडले. अखेर त्याने दुसऱ्या जागी नवे घर बांधले. तेथेच १८८८ मध्ये त्याचा अंत झाला.

त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, २३ फेब्रुवारी १८८७ रोजी पहाटे, या किनाऱ्यास भीषण भूकंपाचा धक्का बसला. तो ख्रिस्ती लोकांच्या उपवासपर्वाचा पहिला दिवस असल्यामुळे अनेक गावांत लोक प्रार्थनेस जमले होते. डोंगरावरील बायार्दो गावी देवळाचे छप्पर कोसळून दोनशेंहून अधिक माणसे गेली. बुस्साना हे गाव इतके खिळखिळे झाले की, ते सोडून समुद्राच्या बाजूस नवे बुस्साना वसविण्यात आले आणि १८९४ मध्ये गावकरी तेथे राहावयास गेले. जुने गाव ओसाड पडले. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे कलावंत येऊन राहू लागले. आज सायकलस्वार चढण चढून त्या भग्न प्रार्थनामंदिरापाशी पोहोचतो तेव्हा वर छताऐवजी आकाश दिसते.

या रस्त्यांवर सायकल आणली ती शर्यतीने. मिलान ते सानरेमो ही शर्यत १९०७ मध्ये प्रथम झाली आणि ती फ्रान्सच्या ल्युसियँ पेती-ब्रेतॉंने जिंकली. जवळजवळ तीनशे किलोमीटरचे अंतर एका दिवसात कापावयाचे, मध्ये तुर्कीनोची खिंड ओलांडावयाची आणि मग समुद्राच्या काठाने पश्चिमेस जावयाचे, असा तिचा क्रम होता. १९१० मध्ये खिंडीत बर्फ पडले. विजेता यूजेन क्रिस्तॉफ गारठून वाटेतल्या खाणावळीत थांबला होता, आणि अखेरच्या यादीत अवघ्या चौघांची नावे लागली. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, फाउस्तो कोप्पीने चौदा मिनिटांच्या अंतराने विजय मिळविला. पडझड झालेल्या इटलीला त्या दिवशी मोठा धीर आला.

पुढे रस्ते गुळगुळीत झाले, सायकली हलक्या झाल्या, आणि शर्यतीचा निकाल सानरेमोच्या सरळ रस्त्यावर घोळक्याच्या धावेने लागू लागला. तेव्हा संयोजकांनी डोंगराकडे दृष्टी वळविली. १९६० मध्ये त्यांनी पोज्जोची चढण शर्यतीत घातली व १९८२ मध्ये चिप्रेस्साची. पोज्जोची चढण चार किलोमीटरांहूनही कमी आहे. फुलांच्या काचघरांमधून वळणे घेत ती वर जाते. शर्यतीचा एक दिवस सोडला, तर वर्षभर तेथे बागाईतदारांची ये-जा आणि अधूनमधून एखादा सायकलस्वार, एवढीच रहदारी असते.

१९७०च्या सुमारास उंच पूल आणि बोगदे यांवरून मोटारींचा महामार्ग झाला आणि दूरची वाहतूक त्यावर गेली. तरी किनाऱ्याचा जुना आउरेलिया रस्ता मोटारींनी भरलेलाच राहिला. खरा पालट २००१ मध्ये घडला. त्या वर्षी सान लोरेंझो अल मारे ते ओस्पेदालेत्ती या टप्प्यातील एकेरी लोहमार्ग बंद होऊन नवा दुहेरी मार्ग डोंगराच्या पोटातून सुरू झाला. १२९ वर्षे रुळांखाली असलेली समुद्रकाठची पट्टी एकाएकी रिकामी झाली. अशा जागेचे तुकडे पाडून त्या विकल्या जाणे सोपे होते. तसे न होता ती सलग ठेवण्यात आली आणि २००८ पासून तिच्यावर सुमारे २४ किलोमीटरचा, पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठीचा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. आगगाडीला तीव्र चढ चालत नाहीत. म्हणून या डोंगरी किनाऱ्यावर वृद्धांना व बालकांनाही झेपेल असा सपाट रस्ता आयता लाभला. ओस्पेदालेत्ती व सानरेमो यांच्यामधील कापो नेरोचा पावणेदोन किलोमीटर लांबीचा बोगदाही आता सायकलींचाच आहे.

या लाभाची किंमतही पडली, हे सांगितले पाहिजे. ओस्पेदालेत्तीसारख्या लहान गावांची स्थानके बंद झाली. सानरेमोचे नवे स्थानक भूगर्भात गेले आणि फलाटावर पोहोचावयास लांब भुयार चालावे लागू लागले. २०१६ मध्ये सान लोरेंझो ते आंदोरा हा टप्पाही आत सरकला, तेव्हा ईम्पेरिया शहराची दोन जुनी स्थानके जाऊन एकच नवे आले. दाराशी आगगाडी असणाऱ्या गावकऱ्याला समुद्र परत मिळाला, पण गाडी दूर गेली. दोहोंपैकी काय मोठे, याचे उत्तर तरुण सायकलस्वार आणि रोज कामावर जाणारी बाई एकच देतील, असे आम्हांस वाटत नाही.

उन्हाळ्यात या मार्गावर गर्दी होते. खरी निवांतता हवी असेल त्याने आर्मा दी ताज्जापासून आर्जेंतीना नदीच्या खोऱ्यात वळावे. ताज्जाचा अनेक कमानींचा दगडी पूल, पुढे बादालुक्को, आणि वर १५८७-८८ मधील चेटकिणींच्या खटल्यामुळे इतिहासात नोंदलेले त्रिओरा, असा हा रस्ता हळूहळू चढतो. खालच्या अंगास ऑलिव्हचे मळे आणि त्यांचे गडगे दिसतात. त्यांपैकी काही ढासळले आहेत, कारण ते पुन्हा रचणारे हात शहरांत गेले आहेत.

अशा रीतीने रोमन मार्ग, खेचरांची वाट, जुना लोहमार्ग, सारेच एकामागून एक मागे पडले. मागे पडलेली वाट आपोआप टिकत नाही. आल्बेंगाजवळचा रोमन मार्ग चालणाऱ्यांनी राखला, पोज्जोची चढण बागाईतदारांनी आणि शर्यतीने राखली, आणि समुद्रकाठची पट्टी ती सर्वांची असावी या निर्णयाने राखली गेली. जेथे असा निर्णय वेळेवर होत नाही, तेथे वाटेचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यास कुंपण पडते, आणि मग कितीही द्रव्य वेचले तरी ती सलग वाट पुन्हा जुळविता येत नाही.