शिवराईवरील ठोकदोष आणि त्यांचे वाचन

शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती सगळी एकाच नाण्यावर पूर्ण उमटलेली क्वचितच आढळतात. कुठे ‘श्री’ कडेबाहेर गेलेली असते, तर कुठे ‘ति’ अर्धवट राहिलेली. असे नाणे हाती आले की ‘नवा प्रकार’ सापडल्याचा मोह संग्राहकास होतो. तो आम्हांसही झाला होता.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी पाडली गेली. शिवराई पुढे पेशवाईतही पडत राहिली. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवीत, त्यावर तांब्याची चकती ठेवीत, वरचा ठसा हाताने धरीत आणि घणाचा घाव घालीत. चकती बहुधा ठशाहून लहान असे. त्यामुळे ती जराशी सरकली तरी अक्षरे गळत.

म्हणून दोषांचे तीन वर्ग वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला ठशाचा दोष. ठशास तडा गेला, की त्या जागी नाण्यावर उंच रेघ उठते आणि पुढील प्रत्येक नाण्यावर ती पुन्हा दिसते. अशी नाणी एकाच ठशाची, हे त्यावरून सिद्ध होते. दुसरा ठोकेचा दोष. तो त्या एकाच नाण्यापुरता असतो. पाडलेले नाणे वरच्या ठशास चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या दोन्ही बाजूंस एकच मजकूर येतो. एकीकडे उठावाचा, दुसरीकडे खोलगट व उलटा. तिसरा दोष वापरातला. घाव मागाहून बसला असेल, तर अक्षरे चेपलेली दिसतात आणि त्या जागी जुना काळसर थर तुटलेला असतो.

आमच्या संग्रहातील एका शिवराईवर ‘पती’ अशी दीर्घ वेलांटी दिसत असे. तशा ठशांची नाणी खरोखरच आहेत. म्हणून आम्ही तिची स्वतंत्र नोंद केली. बऱ्याच वर्षांनी भिंग लावून पाहिले, तेव्हा कडेचे ठिपकेही दुहेरी आढळले आणि ‘प’चा दंडही तितकाच उजवीकडे सरकलेला. घाव दोनदा बसला होता. दुसरा दंड वेलांटीचा नव्हता, ‘त’चाच होता. ती नोंद आम्ही आता रद्द केली आहे.

एका शिवराईवरून काळ वा टांकसाळ ठरवू नये. एकाच ठशाची पाच-दहा नाणी शेजारी मांडावीत. एकीवर गळलेले अक्षर दुसरीवर सापडते आणि मूळ ठसा हळूहळू पूर्ण होतो. मात्र ती चिंचेने घासून लखलखीत करू नयेत. घासताना जो काळा थर जातो, त्याच्याबरोबर साक्षही जाते.