गुळ्याचा गणपती पुळ्याला आला : दृष्टांत, स्वप्न आणि झोप

रत्नागिरीकरांना ही आख्यायिका नवी नाही. मोगलाईत बाळंभटजी भिडे या खोतांवर संकट आले, त्यांनी केवड्याच्या बनात आराधना केली आणि गणपतीने स्वप्नात येऊन आपण गुळ्याहून पुळ्याला आल्याचे सांगितले. अशा स्वप्नाला आपल्याकडे ‘दृष्टांत’ म्हणतात. तुकोबांना गुरुमंत्र स्वप्नातच मिळाला, आणि बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रहही.

मग वैद्य काय म्हणत होते? चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, मनापासून मागितलेले, कल्पिलेले, पुढचे सुचवणारे आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे. यातली पहिली पाच निष्फळ, असे चरक स्पष्ट सांगतो! भिडे खोतांचे स्वप्न त्याने बहुधा ‘प्रार्थित’मध्ये घातले असते. फ्रॉइडने १९०० साल छापलेल्या आपल्या ग्रंथात स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती असे मांडले, ते या चौथ्या प्रकाराच्या फार जवळचे आहे. (भाविकांनी रागावू नये, स्वप्न कसे पडते हा एक प्रश्न, त्यातून माणसाला काय मिळाले हा दुसरा.)

१९५३ मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसाचे डोळे ठरावीक वेळाने बंद पापण्यांखाली भराभर हलतात, हे नोंदवले. हीच ‘रेम’ झोप. ती साधारण दर दीड तासाने येते, पहाटेकडे लांबत जाते आणि ठसठशीत स्वप्ने बहुतेक तिच्यातच पडतात. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच असतो.

हा लगाम सुटला तर? पन्नाशी-साठीपुढचा माणूस पहाटे ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला मारतो. जागे केले की कुणीतरी अंगावर आले होते म्हणतो. घरचे बाधा समजून गाऱ्हाणे घालतात. १९८६ मध्ये शेंक आणि महोवाल्ड यांनी हा झोपेचा आजार म्हणून वर्णिला. यातल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच जातीचा मेंदूचा विकार होतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असे होऊ शकते; त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

गाऱ्हाणे जरूर घाला, पण मेंदूविकारतज्ज्ञालाही दाखवा. तोवर अंथरूण जमिनीवर घाला, आणि वाईट स्वप्न पडू नये म्हणून उशाखाली सुरी किंवा अडकित्ता ठेवला असेल तर तो आजच काढा.