चार रुपयांचं शिसं

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एका गावात बातमीसाठी गेलो होतो. बातमी रस्त्याची होती, ती राहू द्या. चहा होईपर्यंत ओसरीवर एक आजोबा मासे धरायचं जाळं दुरुस्त करत बसले होते. जाळ्याच्या कडेला वजनासाठी शिशाचे तुकडे लावलेले. शेजारी वाटीत एक गोळी पडलेली. राखाडी, वर पांढरट बुरशीसारखा थर.

"ही कुठली, आजोबा?"

"शेतात घावत्यात. माती वाहून गेली की वर येत्यात. बरणीभर हुत्या."

बरणीतल्या बाकीच्या चुलीवर वितळवून, मग ठोकून त्यांनी जाळ्याला लावल्या. एवढी एकच उरली होती. मागितली, तर म्हणाले, "न्या की."

भोरला येऊन लेथवाल्या मित्राकडे मोजली. व्यास १५ मिलिमीटर. भरीव शिशाचा एवढा गोळा हिशेबाने २० ग्रॅम भरायला हवा. सोनाराच्या काट्यावर भरली १९. हा एक ग्रॅम गेला कुठे? थोडा झिजेत गेला असेल. पण ओतीव गोळीत आत हवेची पोकळीही राहते, कारण शिसं थंड होताना आकसतं. गोळीवर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची जोडरेघ पुसट दिसते. एका बाजूला छोटा चपटा डाग आहे. शिसं ओतल्यावर राहिलेलं देठ तिथे छाटलेलं.

म्हणजे ही तोड्याच्या बंदुकीची गोळी. त्या बंदुका हाती घडवलेल्या, त्यामुळे प्रत्येकीच्या नळीचं माप थोडं वेगळं. ज्याच्या त्याच्या बंदुकीचा साचा वेगळा. गोळी नळीपेक्षा जराशी लहान ठेवायची, नाहीतर काजळी धरली की आत जाईना.

आता "महाराजांच्या काळातली" असं लगेच कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. १७०३-०४ मध्ये औरंगजेब स्वतः याच खोऱ्यात राजगड आणि मग तोरणा घ्यायला बसला होता. गोळी मावळ्याची, की मावळ्यावर झाडलेली, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

शिसं मात्र इथलं नाही, हे नक्की. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टचा, त्यात शिशाची खाण नाही. शिसं यायचं बंदरांतून. इंग्रज कंपनीच्या जहाजांवर तो नेहमीचा माल होता. ऑर्म नावाचा इंग्रज इतिहासकार लिहितो की शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा आणि बंदुकांना पुरेल एवढं शिसं घेतलं. किल्ले आपले, दारू आपल्याकडे कुटली जायची, पण गोळीचा जीव समुद्रापलीकडे. शिशातल्या समस्थानिकांचं प्रमाण तपासलं तर ते कुठल्या खाणीचं याचा अंदाज लागतो. पण निरनिराळं शिसं एकत्र वितळवलं की तो पुरावा संपला.

ओतीव गोळीतल्या या पोकळीनेच पुढे युरोपातल्या कारखान्यांना वेगळा रस्ता धरायला लावला. पोकळी एका अंगाला असेल तर गोळी वाकडी जाते. म्हणून १८५० च्या दशकात लंडनजवळच्या वूलिच कारखान्यात शिशाचा तुकडा पोलादी ठशात यंत्राने दाबून गोळी करू लागले. आत पोकळी नाही, प्रत्येक गोळी दुसरीसारखी. एनफिल्ड रायफलची लांबट गोळी अशीच, वजन साधारण ३४ ग्रॅम. तिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ ला भडका उडाला हे शाळेत शिकलो. एक गोष्ट पुस्तकात नव्हती. त्याच धुमश्चक्रीत इंग्रजांच्या लक्षात आलं की ही नेमकी गोळी काजळी धरलेल्या नळीत अडकते. मग १८५९ मध्ये त्यांनी तिचा व्यास १४.४ वरून १४ मिलिमीटरच्या आत आणला. साच्यावाल्या आपल्या लोकांना हे आधीच ठाऊक होतं!

त्या वर्षाशी भोरचं नातं आहेच. कारीचे रंगो बापूजी गुप्ते साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला चौदा वर्षं लंडनमध्ये अर्ज करत राहिले, १८५३ ला परत आले. १८५७ ला साताऱ्याचा कट फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना मारलं. काहींना फाशी, काही तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांना कधीच सापडले नाहीत.

पुढे १८७८ साली दोन कायदे आले. शस्त्र कायद्यात सरकारला हवं तिथे नुसत्या शिशावरही निर्बंध घालायची सोय होती. दुसरा कायदा जमिनीत सापडणाऱ्या ठेव्याचा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. भंगाराच्या भावाने माझी गोळी चार रुपयांचीही होत नाही.

राजगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, चांगलंच झालं. पण पायथ्याच्या शेतात पावसाने वर येणाऱ्या गोळ्यांची नोंद कोण ठेवतंय? फार काही लागत नाही. कुठल्या शेतात, कधी सापडली, वजन, व्यास, एक फोटो.

परवा पुन्हा गेलो होतो. आजोबांना सांगितलं, यंदा सापडल्या तर चुलीवर टाकू नका. शिशाचा धूर घरातल्या पोरांना वाईट, हेही सांगितलं. ते म्हणाले, "मग जाळ्याला काय लावू?" पुढच्या वेळी येताना अर्धा किलो नट-बोल्ट आणतो म्हणालोय.