सटवाई हसवते तेव्हा

चार दिवसांचं बाळ झोपेत गालातल्या गालात हसलं की आपल्या साताऱ्या-सांगलीकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, "सटवाई हसवतीया." लगेच ओठ काढून मुसमुसलं की, "आता रडवतीया." उचकी लागली की, "बाळ वाढतंय." अशा या बाळलीलांमागे मोठा इतिहास आहे. आज आम्ही तोच सांगणार आहोत.

सटवाई म्हणजे षष्ठीदेवी. षष्ठीची सटी झाली, सटीची सटवाई. बाळंतपणाच्या पाचव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून तिची पूजा होते. घरोघरी रीत थोडी वेगळी, पण दिवा रात्रभर तेवत ठेवायचा आणि जवळ कोरा कागद, लेखणी ठेवायची हे बहुतेक ठिकाणी असतंच. देवी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असा समज. देवीनं मूल राखावं म्हणून तिचं नावही ठेवत. सांगली जिल्ह्यातल्या जत संस्थानाचे मूळपुरुष सटवाजीराव डफळे. सतराव्या शतकातल्या या सरदाराच्या नावातही सटवाईच आहे.

पण जागरण पाचव्या रात्रीच का? पूर्वी विळ्यानं नाळ कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. त्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात जायचे. हा आजार बहुधा तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत उठतो, आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्याचा जोर जास्त. चांगलं अंगावर पिणारं बाळ अचानक चोखेनासं होतं, जबडा आवळतो, अंग ताठतं. आजीला जंतू ठाऊक नव्हते, पण कोणते दिवस घाताचे हे ठाऊक होतं. आम्हाला वाटतं, त्या दिव्याच्या उजेडात बायका देवीबरोबर बाळावरही नजर ठेवत होत्या.

अशीच नजर सातासमुद्रापलीकडे एका बापानं ठेवली. शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांना १८३९ साली मुलगा झाला. त्याच्या बाळपणाच्या नोंदी त्यांनी १८७७ मध्ये छापल्या. पहिल्या सात दिवसांत बाळ शिंकतं, उचक्या देतं, जांभया देतं, आळोखेपिळोखे देतं, हे त्यांनी टिपलं. तळपायाला कागद लावला तर पाय झटकन ओढून घेतं, हेही. खरं हसू त्यांना दीड महिन्याच्या सुमारास दिसलं. आपल्या आज्याही झोपेतलं हसू आणि ओळखीचं हसू वेगळं मानतात. पहिलं सटवाईचं, दुसरं आईचं. फरक एवढाच, की डार्विननी लिहून ठेवलं आणि आपल्या आज्यांच्या हाती लेखणी नव्हती. पाचवीची लेखणीसुद्धा देवीसाठीच असायची.

पुढे गरोदरपणात धनुर्वाताची लस आली, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, नाळ स्वच्छ पात्यानं कापली जाऊ लागली. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. ज्या भीतीपायी पिढ्यान्‌पिढ्या जागल्या, ती लसीनं घालवली.

एक गोष्ट मात्र लसीनं जात नाही. मुलगी झाली म्हणून बारशाला 'नकुसा' नाव ठेवायचं, हेही आपल्याच भागात घडलं. ते काही सटवाईनं लिहिलं नव्हतं, माणसांनीच लिहिलं. आणि माणसांनीच ते पुसलं. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात प्रशासनानं कार्यक्रम घेऊन २८५ मुलींना नवी नावं दिली. त्या मुलीही पाळण्यात हसल्या असतील, आळोखेपिळोखे दिले असतील. पण ते किती जणांनी कौतुकानं पाहिलं असेल?

म्हणून मैत्रिणींनो, पाचवी जरूर पुजा. बाळ मुलगा असो की मुलगी, त्याच्या लीला डोळे भरून बघा. बघता बघता ते दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा फार गरम लागलं, निपचित पडलं, श्वास जोरात चालला, तर वाट बघू नका. आशाताईंना हाक मारा, १०८ ला फोन करा. आणि पाचवीचा तो कोरा कागद? त्यावर बाळाची जन्मवेळ, वजन आणि पहिल्या लसींच्या तारखा आईनंच लिहाव्यात.